पूर्वस्तराचा अधिकार : चित्राची मुक्त सुरुवात आणि कवितेचा खर्डा

१

चित्र रंगवायला घेताना विषयाची रेखाकृती न आखता आधी रंगांचे सैल, मुक्त आणि बहुतांशी अमूर्त असे थर द्यायचे, ते पुसायचे, खरवडायचे, त्यांच्याशी खेळायचे आणि मग त्या थरांतून चित्र शोधत जायचे, ही पद्धती आज चित्रकलेच्या अभ्यासवर्गांतून सर्रास शिकविली जाते. कोऱ्या पृष्ठभागाचे दडपण घालविण्याचा एक उपाय, एवढेच तिचे समर्थन बहुधा केले जाते. हे समर्थन खरे असले तरी अपुरे आहे. दडपण गेल्यानंतर त्या पहिल्या थराचे काय होते, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही. तो झाकला जातो की शिल्लक राहतो? पुढे येणारी आकृती त्याच्याशी काही बांधिलकी मानते, की केवळ निमित्त म्हणून त्याचा वापर करते? चित्रकलेच्या इतिहासातील काही निश्चित उदाहरणांच्या आधारे हा प्रश्न प्रस्तुत निबंधात विचारात घ्यावयाचा आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला त्यात रस असण्याचे कारण असे की, या उदाहरणांपैकी एक थेट कवितेच्या हस्तलिखितात घडलेले आहे. शिवाय साहित्यकृतीच्या खर्ड्याकडे आपण कसे पाहतो हा प्रश्नही मूलतः याच जातीचा आहे.

प्रथम संज्ञेविषयी. मराठीत अशा थराला 'पार्श्वभूमी' म्हणण्याचा प्रघात आहे. 'पार्श्व' म्हणजे बाजू, कूस. या शब्दाने सूचित होणारी भूमी मुख्य आकृतीच्या बाजूला किंवा मागे असते. म्हणजे तो शब्द अवकाशातील स्थान सांगतो. आपल्याला अभिप्रेत असलेल्या थराचे वैशिष्ट्य मात्र तो काळाच्या दृष्टीने आधीचा आहे, हे होय. तो आकृतीच्या मागे असेलच असे नाही. कित्येकदा तो आकृतीच्या आतूनच दिसतो. म्हणून येथे 'पूर्वस्तर' ही संज्ञा योजिली आहे.

पूर्वस्तर आणि पृष्ठभागाची पारंपरिक सिद्धता यांतही भेद केला पाहिजे. अजिंठ्याच्या भिंतींवर माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा चढवून त्यावर चुन्याचा पातळ हात दिलेला आढळतो. आकृतीची रेषा त्यानंतर येते. 'विष्णुधर्मोत्तर पुराणा'च्या चित्रसूत्रातही विटांच्या पुडीपासून गिलावा कसा सिद्ध करावा याचे विवरण आहे. या सर्व खटाटोपाचे साध्य एकच असते : भिंत टिकाऊ आणि गुळगुळीत व्हावी, तिने स्वतः काहीही सांगू नये. पूर्वस्तर याच्या नेमका उलट आहे. चित्रकाराला अद्याप काही सुचलेले नसताना तोच प्रथम काही सांगू लागतो. चित्रकार त्याचा कर्ता असतो खरा; पण पुढच्याच क्षणी त्याला त्याचा वाचक व्हावे लागते. या भूमिकाबदलात प्रस्तुत विषयाचे सगळे मर्म आहे असे मला वाटते.

२

आकारहीन पृष्ठभागात आकृती वाचण्याची कल्पना एका संस्कृतीची मिरास नाही. अकराव्या शतकातील चिनी ग्रंथकार शेन कुओ याने चित्रकार सुंग दी याची एक हकीकत नोंदविली आहे. चेन युंगजी या चित्रकाराच्या निसर्गचित्रांत कौशल्य आहे, पण सहजता नाही, असे सुंग दीला वाटले. त्याने सल्ला दिला तो असा : एखादी पडकी भिंत शोधावी, तिच्यावर पांढरे रेशमी वस्त्र पसरावे आणि सकाळ-संध्याकाळ त्याकडे पाहत राहावे, हळूहळू भिंतीचे उंचवटे आणि भेगा यांचे पर्वत, दऱ्या, प्रवाह होतील, माणसे आणि पाखरे त्यांत वावरताना दिसू लागतील. यानंतर चेनच्या चित्रांचा दर्जा उंचावला, असे शेन कुओ सांगतो.

लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत जवळजवळ हाच सल्ला येतो. ओलीने डागाळलेल्या भिंती, राख, ढग, चिखल यांकडे निरखून पाहावे, त्यांत निसर्गदृश्ये आणि लढाया दिसतील, असे तो तरुण चित्रकारांना सांगतो. या दोहोंत काही देवाणघेवाण झाली असेल असे मानण्यास आधार नाही. म्हणून येथे प्रभावाभ्यासाचा मार्ग बंद होतो आणि साधर्म्याभ्यासाचा खुला होतो. परंतु साधर्म्य दाखवून थांबणे धोक्याचे आहे, कारण लिओनार्दोचे म्हणणे येथेच संपत नाही. रंगांनी भिजलेला स्पंज भिंतीवर फेकला तरी निसर्गदृश्य दिसणारा डाग उमटतो, मग निसर्गाचा अभ्यास कशाला, असे बोत्तिचेल्ली म्हणत असे. त्याचा उल्लेख करून लिओनार्दो बजावतो की, असे डाग कल्पना सुचवितात, पण कोणताही तपशील पूर्ण कसा करावा हे शिकवीत नाहीत; आणि बोत्तिचेल्लीची निसर्गदृश्ये म्हणूनच सामान्य उतरली. आजच्या अभ्यासवर्गांतून लिओनार्दोचे पहिले विधान आवर्जून सांगितले जाते, दुसरे क्वचितच.

या कल्पनेला शिस्तबद्ध पद्धतीचे रूप दिले ते इंग्लंडमधील अलेक्झांडर कोझेन्सने. निसर्गचित्राच्या रचनेसाठी शाईचे डाग कसे वापरावेत हे सांगणारे त्याचे पुस्तक १७८५ मध्ये निघाले. लिओनार्दोला भिंत शोधावी लागत होती, आपल्या पद्धतीत डाग हवा तेव्हा निर्माण करता येतो, हा आपल्या पद्धतीचा विशेष म्हणून कोझेन्सने नोंदविला आहे. त्याच्या सूचना बारकाईने वाचल्या तर दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, डाग टाकण्यापूर्वीच चित्रविषय मनात पक्का धरावा असे तो सांगतो. हात मोकळा असला तरी मन मोकळे नसते. दुसरी अशी की, डाग पडल्यावर त्यावर पारदर्शक केलेला कागद ठेवून त्याच्या आधारे नवे रेखन करावयाचे असते. म्हणजे अंतिम चित्र डागावर रंगविले जातच नाही. डाग आपले काम करतो आणि बाजूला पडतो.

'आर्ट अँड इल्यूजन' (१९६०) या ग्रंथात गोंब्रिचने या तिन्ही उदाहरणांची चर्चा केली आहे. डागात काय दिसावे हे पाहणाऱ्याच्या मनात आधीच रुजलेल्या आकृतिबंधांवर अवलंबून असते, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे. अठराव्या शतकातील इंग्रज अभिरुचीला डागात क्लोद लोरँच्या धर्तीची निसर्गदृश्ये दिसणार आणि चिनी चित्रकाराला त्याच्या परंपरेतील डोंगर दिसणार, हे ओघानेच आले. त्यामुळे मुक्त सुरुवातीने चित्रकार संकेतांतून सुटतो, हा समज टिकत नाही. संकेतांना वावरण्यासाठी मोकळी जागा मिळते, एवढेच फार तर म्हणता येईल. या पहिल्या प्रकारातील पूर्वस्तर खाणीसारखा आहे. त्यातून हवे ते उपसून घ्यावे आणि खाण सोडून द्यावी, असा चित्रकाराचा त्याच्याशी व्यवहार असतो.

३

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे रवींद्रनाथ टागोर. १९२४ च्या अखेरीस पेरूच्या वाटेवर असताना आजारपणामुळे ते अर्जेंटिनात थांबले आणि ब्वेनोस आयरेसनजीक सान इसिद्रो येथे व्हिक्तोरिया ओकांपो यांच्या आतिथ्यात राहिले. त्या वेळी ते त्रेसष्ट वर्षांचे होते. 'पूरबी' (१९२५) या संग्रहातील अनेक कविता या प्रवासात लिहिल्या गेल्या. त्या वहीतील खाडाखोडीने ओकांपो यांचे लक्ष वेधून घेतले. खोडलेले शब्द रेघांनी एकमेकांना जोडले जाऊन त्यांतून पक्षी, श्वापदे, मुखवटे यांचा भास देणारे आकार उभे राहिले होते. पुढे १९३० मध्ये पॅरिसच्या गॅलेरी पिगाल येथे रवींद्रनाथांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, त्यातही ओकांपो यांचा पुढाकार होता. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी दोन हजारांहून अधिक चित्रे काढली.

येथे पूर्वस्तर कोठून आला हे पाहिले पाहिजे. तो शाई शिंतोडून किंवा भिंत निरखून मिळालेला नाही. कवीने स्वतःच्याच शब्दाला दिलेल्या नकारातून तो जन्मला आहे. हस्तलिखितातील खोडलेले तुकडे आपल्या विद्रूप निरर्थकतेतून सुटका मागत आहेत असे आपल्याला वाटे, अशा आशयाचे निवेदन रवींद्रनाथांनी आपल्या चित्रांविषयी १९३० मध्ये केले आहे. 'उद्धार' ही कल्पना येथे मोलाची आहे. कोझेन्सचा डाग कामाला येतो. रवींद्रनाथांची खाडाखोड काही मागते. कवितेतून जो शब्द बाद झाला त्याचे कागदावरील अस्तित्व मात्र बाद होत नाही, आणि कवी त्या अस्तित्वाची जबाबदारी घेतो.

शिवाय या खेळाला सीमा होत्या. खोडलेला शब्द किती लांब आहे, तो ओळीत कोठे पडला आहे, वरच्या आणि खालच्या ओळींत किती अंतर आहे, यांवरून आकृतीचा बांधा ठरत असे. राखलेल्या ओळी वाचनीय राहायच्या तर रेषेने त्यांवरून जाता कामा नये. म्हणजे शिल्लक राहिलेली कविता चित्राला वाट घालून देत होती. ज्याला आपण सहज गिरगटा म्हणतो, तो प्रत्यक्षात दोन लेखनांमधील सीमारेषेवर चाललेला काटेकोर व्यवहार होता.

याच वर्षीच्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये आंद्रे ब्रतोंने अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि बुद्धीच्या नियंत्रणावाचून होणाऱ्या स्वयंचलित लेखनाचा पुरस्कार केला. माक्स एर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी जमिनीच्या रेषांवर कागद ठेवून पेन्सिल घासण्याची आपली पद्धती शोधली, आणि तिचे विवरण करताना लिओनार्दोच्या भिंतीचा दाखला दिला. रवींद्रनाथांची चित्रे युरोपात पोहोचली तेव्हा ती याच चौकटीत पाहिली जाणे सोपे होते. पण साधर्म्याचा हा मोह आवरला पाहिजे. ब्रतोंच्या कल्पनेत नियंत्रण सुटणे हेच मूल्य आहे. रवींद्रनाथांच्या वहीत नियंत्रण प्रथम येते, कारण शब्द खोडणे हा विवेकाचा निर्णय असतो. खेळ त्यानंतर सुरू होतो आणि तो लयीला उत्तरदायी राहतो. दोन घटना एकाच वर्षातील आहेत, एवढ्यावरून त्या एका प्रवाहातील ठरत नाहीत.

कवी-चित्रकार म्हणून व्हिक्तोर ह्यूगोशी त्यांची तुलना अधिक फलदायी ठरेल. सुमारे ४,००० रेखनांचा हा धनी शाई, काजळी, कॉफी यांचे डाग कागदावर पसरू देई आणि त्यांतून किल्ले, वादळे, समुद्र घडवी. तथापि ह्यूगोचे डाग लेखनाच्या शेजारी वाढले. रवींद्रनाथांचे लेखनाच्या पोटात. एकाच्या बाबतीत दोन कला एकाच माणसात नांदतात, दुसऱ्याच्या बाबतीत एक कला दुसरीच्या नकारातून उगवते. या भेदाची नोंद न घेता दोघांनाही 'चित्र काढणारे कवी' या एका कप्प्यात टाकणे म्हणजे तुलनेचे श्रम टाळणे होय.

४

तिसऱ्या प्रकारात पूर्वस्तर उपसला जात नाही, त्याचा उद्धारही होत नाही. तो चित्रातच राहतो. येथे वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या प्रौढ काळातील कॅनव्हासचा विचार करावा लागेल. नागपुरात जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेल्या आणि १९७२ नंतर दिल्लीत स्थायिक झालेल्या या चित्रकाराने रोलर आणि पॅलेट नाइफ यांच्या साहाय्याने रंगाचे पातळ थर चढविले, उतरविले, खरवडले. फाडलेल्या कागदांच्या तुकड्यांनी रंग उचलला किंवा पृष्ठभागावर उमटविला. त्यात यदृच्छेला पुरेसा वाव होता. पण ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करीत. कृतीपेक्षा पाहण्यात आणि थांबण्यात त्यांचा अधिक काळ जाई. खेळ आणि संयम यांचे हे प्रमाण ध्यानात घेतले म्हणजे 'मुक्त सुरुवात' या शब्दप्रयोगातील 'मुक्त' या पदावर आपण किती भार टाकतो हे कळते.

या चित्रांसमोर उभे राहिल्यावर प्रेक्षकाला थरांचा क्रम पूर्णपणे उलगडत नाही. वरचा वाटणारा रंग खालचा निघतो, आकृती वाटणारी खूण ही थर काढून घेतल्याची जागा असते. पुढे काय आणि मागे काय याचा निवाडा लांबत जातो. 'पार्श्वभूमी' हा शब्द येथे सर्वस्वी निकामी होतो, कारण ज्याच्या पार्श्वाला ती असावी असे काही उरलेलेच नसते.

यावर मराठी सौंदर्यविचाराच्या अंगाने एक गंभीर आक्षेप संभवतो. बा. सी. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मधील भूमिकेनुसार कलाकृतीचे सौंदर्य तिच्या घटकांतील संवाद, विरोध आणि समतोल या लयबंधांत असते. कलाकृती कशी घडली हा कलावंताच्या चरित्राचा भाग झाला. सौंदर्याच्या निर्णयात त्याला स्थान नाही. या न्यायाने पूर्वस्तराची सारी चर्चा कलाबाह्य ठरते.

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. उलट तो निकष म्हणून स्वीकारावा असे मी सुचवितो. जो पूर्वस्तर डोळ्यांना दिसत नाही त्याची कहाणी कितीही रोचक असली तरी ती चित्राच्या मूल्यात भर घालू शकत नाही. कोझेन्सचा बाजूला पडलेला डाग या कसोटीवर चित्राबाहेर राहतो, आणि ते योग्यच आहे. पण गायतोंडे यांच्या कॅनव्हासवर आधीचा आणि नंतरचा यांचा संबंध प्रत्यक्ष दिसतो, आणि दिसतो म्हणून तो लयबंधाचा घटक होतो. मर्ढेकरांच्या तीन संबंधांत मग एका चौथ्याची भर घालावी लागेल : जे मागे घेतले गेले आणि जे राहू दिले गेले, त्यांचा परस्परसंबंध. पूर्ण झालेल्या कृतीतच घडण्याचा काळ साठून राहू शकतो, याची दखल त्या सिद्धांताने पुरेशी घेतलेली नाही.

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या मराठी ग्रंथाचे 'कोरा कॅनव्हास' (१९९०) हे नाव या संदर्भात वेगळ्या कारणाने विचारणीय आहे. वस्तू आणि अवकाश यांच्या संबंधाचा आयुष्यभर शोध घेणाऱ्या या चित्रकाराच्या सपाट, शांत रंगक्षेत्रांवर पान, घड्याळ, फळ अशा वस्तू एकेकट्या येतात. ते रंगक्षेत्र वस्तूंना मागून आधार देत नाही. त्यांच्यामधील अंतर हाच चित्राचा विषय होतो. कोरेपणा ही चित्रापूर्वीची स्थिती नसून चित्रात कमवावयाची गोष्ट आहे, असा या नावाचा एक अर्थ त्यांच्या चित्रांवरून लावता येतो. पूर्वस्तराचा खेळ ज्यांना कोरेपणापासून पळण्याचा मार्ग वाटतो त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

५

भारतीय परंपरेत या तिसऱ्या प्रकारासाठी एक समर्पक शब्द उपलब्ध आहे. 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात यौवनाने खुललेल्या पार्वतीच्या देहाला कालिदास कुंचल्याने उमललेल्या चित्राची उपमा देतो. तेथे योजलेले क्रियापद 'उन्मीलन' हे आहे. डोळा उघडणे, कळी उमलणे या अर्थांचे. अकराव्या शतकात क्षेमराजाच्या 'प्रत्यभिज्ञाहृदया'त हाच शब्द विश्वाच्या आविष्काराविषयी येतो : चिती स्वेच्छेने, स्वतःच्याच भिंतीवर विश्व उमलविते. भिंत आणि चित्र येथे भिन्न नाहीत. ज्ञानदेवांच्या 'अनुभवामृता'तील चिद्विलासाच्या कल्पनेशी या विचाराचे नाते अभ्यासकांनी दाखविले आहे. मात्र या वचनांवरून गायतोंडे यांच्या चित्रांचे मूळ काश्मीरी शैवमतात शोधणे हा उतावीळपणा होईल. मला हवी आहे ती केवळ संज्ञा. 'निर्मिती' हा शब्द भूमीला मुकी मानतो. 'उन्मीलन' हा शब्द भूमीचा सहभाग गृहीत धरतो.

आता साहित्याकडे वळू. फ्रेंच समीक्षेत जाँ बेलमँ-नोएल याने १९७२ मध्ये 'पूर्वसंहिता' या अर्थाची संज्ञा रूढ केली, आणि लेखकाच्या खर्ड्यांना स्वतंत्र अभ्यासवस्तूचा दर्जा मिळाला. आपल्याकडे मात्र छापील प्रत हाती आली की खर्डे रद्दीत जातात. ग्रंथालये पुस्तके जपतात, वह्या क्वचितच. परिणामी भारतीय भाषांतील आधुनिक साहित्याचा तौलनिक अभ्यास जवळजवळ पूर्णपणे अंतिम संहितांची तुलना होऊन बसला आहे. कोझेन्सप्रमाणे आपणही डाग बाजूला टाकून रेखन तेवढे जपतो.

पण वर स्वीकारलेला निकष येथेही लावला पाहिजे. प्रत्येक खर्डा मोलाचा नसतो. ज्याचा माग अंतिम संहितेत उमटलेला आहे तो पूर्वस्तर समीक्षेच्या कक्षेत येतो. एलियटच्या 'द वेस्ट लँड'चे खर्डे एझ्रा पाउंडच्या खुणांसह १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या कवितेतील तुटकपणाचा बराचसा भाग कापाकापीतून आला आहे हे उघड झाले. तो तुटकपणा १९२२ पासून वाचकांना जाणवतच होता. खर्ड्यांनी त्याला कारण पुरविले, अस्तित्व नव्हे. द्विभाषिक कवीच्या बाबतीत तर एका भाषेतील रचना दुसऱ्या भाषेतील रचनेचा पूर्वस्तर ठरू शकते. जे. जे.च्या परंपरेत घडलेल्या आणि मराठी-इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या अरुण कोलटकरांचा या दृष्टीने अभ्यास होणे आवश्यक आहे. मूळ आणि अनुवाद या जोडीपेक्षा थर ही कल्पना तेथे अधिक उपयोगी पडेल.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. संगणकावरील चित्रप्रणालीत 'लेयर' एका कळीसरशी लपविता येतो, आणि शब्दप्रणालीत खोडलेला शब्द मागमूस न ठेवता नाहीसा होतो. दोन्हीकडे सुरुवात कमालीची मुक्त झाली आहे. पण ज्या थराला केव्हाही नाहीसे करता येते, त्याला कलावंतापुढे काही मागण्याचा अधिकार उरत नाही. रवींद्रनाथांच्या वहीत बाद झालेला शब्द कागदावर टिकून होता, म्हणूनच त्याला उत्तर देणे भाग पडले.

मुक्त, खेळकर पूर्वस्तराचे मूल्य त्याच्या मुक्ततेवरून ठरत नाही. त्याने पुढच्या कृतीला अडवावे, वळवावे, प्रसंगी नकार द्यावा, आणि कलावंताने तो नकार ऐकावा, यावर ते ठरते. जेथे हे घडत नाही तेथे पूर्वस्तर सजावट होतो आणि खेळ ही केवळ सवय. जेथे ते घडते तेथे चित्र किंवा कविता यांच्यात दोन काळ एकत्र नांदतात, आणि त्यांतील पहिला काळ वाचणे हे समीक्षकाच्या नित्यकर्तव्यात मोडते. त्यासाठी कवींच्या वह्या जपून ठेवण्याची व्यवस्था विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी आधी केली पाहिजे, सिद्धांत त्यानंतरचा.